एकतीस का येत नाही

१२ फेब्रुवारी

ढब्बू,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, तेही तुझं उत्तर बघून. आधी तक्रार. तुमच्या खेळाचं गणित चुकलंय.

दचकू नकोस, मावशीचं डोकं ठिकाणावर आहे. तू कंपनीत प्राण्यांच्या झुंजीच्या खेळाचे आकडे ठरवतोस, असं तुझ्या आईने मला मागे अभिमानाने सांगितलं होतं. मी "बरं" म्हणून विषय बदलला होता. चौतिशीच्या बाप्याने खोट्या प्राण्यांच्या मारामारीचे आकडे ठरवायचे, यात अभिमान कसला ते मला कळलं नव्हतं. आता शब्द परत घेते. डिसेंबरात माझ्या लेकीच्या, भिंगरीच्या खोलीतलं कपाट आवरायला काढलं, तर तिचं ते हातात धरून खेळायचं यंत्र सापडलं. चार्जिंगला लावलं तर चालू झालं. एकटीच्या घरात काही चालू झालं की बरं वाटतं, म्हणून बंद केलं नाही.

आता माझ्याकडे सहा प्राणी आहेत. त्यातला मोठा गोल, हिरवट, चालताना डुलतो, त्याचं नाव मी भोपळ्या ठेवलंय. तो 'वेलीचा फटका' मारतो. मदतीच्या पानावर तुमचं सूत्र दिलंय, ते मी वहीत उतरवून घेतलं. वाराची ताकद पंचावन्न, भोपळ्याचा जोर सत्तेचाळीस, समोरच्याचा बचाव एकसष्ट. गुणलं, भागलं, परत पाचाने भागलं, दोन मिळवले. वार भोपळ्याच्याच प्रकारचा म्हणून दीडपट, आणि समोरच्याला त्या प्रकाराचं वावडं म्हणून दुप्पट. उत्तर एकतीस आणि वर थोडं. मी तीनदा केलं, तिन्ही वेळा एकतीस.

तुमचं यंत्र काय दाखवतं? एकदा सत्तावीस, एकदा पंचवीस, मग अठ्ठावीस. तोच वार, तोच भोपळ्या, समोरचाही तोच. परवा एकदा तीस दाखवलं. एकतीस मात्र कधीच नाही. तेहतीस वर्षं मी रुग्णालयात औषधांच्या खिडकीमागे काढली. एकाच चिठ्ठीवर रोज वेगळी मात्रा दिली असती, तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

तेव्हा नीट खुलासा कर. मेल करू नकोस, मेलमध्ये मला भागाकार दिसत नाहीत. कागदावर मांडून पाठव.

उत्तर येईपर्यंत आशीर्वाद राखून ठेवले आहेत.

मावशी

—

२१ फेब्रुवारी

मावशी, नमस्कार.

टपालाच्या पेटीत बिलांखेरीज काहीतरी होतं, तेव्हा आधी मला वाटलं शेजाऱ्याचं चुकून आलंय. पाकिटावरचं अक्षर बघून जिन्यातच उघडलं आणि तिथेच उभ्या उभ्या वाचून काढलं.

तुझं गणित बरोबर आहे. आमचंही बरोबर आहे. फरक एवढाच, की तू अपूर्णांक शेवटपर्यंत सांभाळतेस आणि आम्ही ते वाटेत टाकून देतो. हे बघ. पंचावन्न गुणिले सत्तेचाळीस भागिले एकसष्ट, तुझे बेचाळीस आणि वर थोडे. आम्ही ते "थोडे" तिथेच टाकतो. उरले बेचाळीस. पाचाने भागले तर आठ आणि वर थोडे, ते थोडेही टाकले. आठ आणि दोन दहा. दीडपट पंधरा, दुप्पट तीस. तू टाकलं काहीच नाहीस, म्हणून तुझे एकतीस. एवढी काटेकोर वही कोणी करेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं, नाहीतर मदतीच्या पानावर लिहिलं असतं.

आता रोज वेगळा आकडा का. सगळं झाल्यावर यंत्र एक फासा टाकतं. त्याला सोळा बाजू आहेत, पंच्याऐंशीपासून शंभरपर्यंत. जो आकडा पडेल तितके टक्के वार लागतो. म्हणून तुझा फटका पंचवीस ते तीसच्या मध्ये कुठेही पडतो. पुरे तीस सोळांत एकदाच. हा फासा मुद्दाम ठेवलाय. तो नसता तर झुंज सुरू होण्याआधीच कोण जिंकणार ते कळलं असतं, आणि मग कोणी खेळलंच नसतं.

माझं छान चाललंय. काम भरपूर, मित्रही आहेत. भिंगरीचं विचारशील तर मला काही कळत नाही, कामात असेल. तू कोणाशी खेळतेस ते मात्र लिही. आशीर्वाद आता द्यायला हरकत नसावी.

ढब्बू

—

२ मार्च

ढब्बू,

दिले. भरभरून दिले.

पण अपूर्णांक फेकून देता, हे वाचून मला रात्रभर पाव-पाव मिलिलिटर आठवत होते. मग वाटलं, लहान मुलांच्या औषधात आम्हीही आकडा खालीच उतरवायचो. जास्त जाण्यापेक्षा कमी गेलेलं बरं. तेव्हा तुम्हाला माफ केलं.

कोणाशी खेळते विचारलंस. तुमच्या त्या 'सावकाश मैदाना'त जाते, जिथे प्रत्येक खेळीला दोन मिनिटं मिळतात. बाकीच्या मैदानांत माझी पेन्सिल पुरी पडत नाही. तिथे तीन-चारच माणसं असतात, सगळी माझ्यासारखी, म्हणजे कुठे जायची घाई नसलेली. त्यातलं एक जण दर रविवारी अकराला येतं. मी बोलावणं पाठवते, ते स्वीकारतं. माझं नाव तिथे प्रवासी ४१०७ आहे, खेळानेच दिलंय, मी बदललं नाही.

आता एक प्रश्न, आणि जास्त चौकशा न करता उत्तर दे. समोरच्या प्राण्याचा जीव एकशे अठरा असेल, तर तो पडणार नाही पण अगदी पडता पडता राहील, असं मारायचं कसं? मला शेवटी एक उरायला हवा. दोन चालतील. शून्य नको.

तुझे मित्र कोण कोण आहेत? मागच्या पत्रात नावं नव्हती.

मावशी

—

११ मार्च

मावशी,

आजवर मला सगळ्यांनी एकच विचारलंय, एका फटक्यात कसं लोळवायचं. न लोळवता कसं मारायचं, हे विचारणारी तू पहिलीच. दोन दिवस माझं कामात लक्ष नव्हतं, तुझंच गणित सोडवत होतो.

सोबत कोष्टक पाठवलंय. थोडक्यात सांगायचं तर, वेलीचा फटका जास्तीत जास्त तीस घेतो, म्हणून समोरच्याचा जीव तीसच्या वर आहे तोवरच तो वापर. तीस किंवा खाली आला की 'टिचकी' वापर. तुझ्या भोपळ्याची टिचकी सोळांत पंधरा वेळा चार घेते, एखाद्या वेळी पाच. चार-चार उतरवत जा. पाच उरले असतील तेव्हाची टिचकी बहुतेक एकवर थांबते. मात्र एक गोष्ट माझ्या कोष्टकात बसत नाही. चोविसांत एकदा वार वर्मी लागतो आणि दीडपट होतो. ते आधी कळत नाही आणि टाळताही येत नाही. वेलीच्या फटक्याला जीव पंचेचाळीसच्या वर आणि टिचकीला सातच्या वर असेल तेव्हाच तू शंभर टक्के निर्धास्त. खाली आलीस की थोडं नशिबावर.

तुझा डाव मी ओळखलाय बरं का. समोरच्याला दमवून, चिडवून, मग एकदम झोडपणार आहेस. दिसतेस साधी, पण ताकास तूर लागू देत नाहीस.

मित्रांची नावं लिहायला बसलो, तर एक जण दुसऱ्या शहरात गेलाय, आणि दुसऱ्याला मुलगी झाल्यापासून तो भेटत नाही. ऑफिसात सगळे घरूनच काम करतात. मी जातो, कारण तिथे निदान पंखा मोठा आहे. काल मजल्यावर मी आणि दिवे बंद करणारा माणूस, असे दोघेच होतो. हे तुला का लिहिलं माहीत नाही. तू विचारलंस म्हणून.

ढब्बू

—

१९ मार्च

ढब्बू,

तुझं कोष्टक मी पुठ्ठ्यावर चिकटवलंय. गेल्या रविवारी टिचक्या मारत मारत बरोबर एकवर आणला. मग त्याने 'विसावा' घेतला, अर्धा जीव भरून आला, आणि झुंज पुन्हा सुरू. एक तास दहा मिनिटं चालली. याआधी चाळीसच्या वर कधी गेली नव्हती.

मी कोणाला दमवत नाही. तू तुझ्या एकटेपणाचं खरं लिहिलंस, तेव्हा मीही लिहिते.

समोर भिंगरी असते.

यंत्र तिचंच, त्यात तिच्या खात्याचं नाव होतं. आधी मला वाटलं जुनं काहीतरी असेल. मग एका रविवारी ते नाव मैदानात दिसलं. तिच्याकडे एक दगडी पाठीचा, बोजड प्राणी आहे, त्याचं नाव करकऱ्या. आमच्याकडे तुझ्या काकांची एक खुर्ची होती, बसलं की करकर वाजायची, तिला आम्ही तिघं करकऱ्या म्हणायचो. हे नाव या घराबाहेर कोणाला ठाऊक नाही. मी यंत्र हातात धरून बसून राहिले. चहा उकळून पातेलं लागलं.

तीन वर्षं झाली, ती माझ्याशी बोलत नाही. का, ते तुझ्या आईने तुला अर्धवट सांगितलं असेल. काका शेवटचे रुग्णालयात होते तेव्हा तिने फोनवर विचारलं, "आई, किती दिवस आहेत? खरं सांग, मी आत्ता निघते." त्यांच्या वेदनेच्या औषधाची मात्रा किती वेगाने वाढवतायत, त्यावरून मला दिवस कळायचे. तेहतीस वर्षांत ते सवयीने कळायला लागतं. मी म्हणाले, चार दिवस आहेत, हातातलं काम संपवून सावकाश ये. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. ती तिसऱ्या दिवशी सकाळी पोचली. जाताना दारात म्हणाली, "जगाच्या मात्रा बरोबर मोजल्यास, बाबांच्याच वेळी चुकलीस." माझा हिशेब चुकला, दुसरं काय.

मी फोन केला की ती उचलत नाही. पण रविवारी अकराला ती माझ्यासमोर असते. मी मारते, ती विचार करते, ती मारते, मी विचार करते. तिला वेळ लागला तर वाटतं, मध्ये कपडे वाळत घालायला गेली असेल. मी तिला हरवलं तर ती निघून जाते. ती लवकर जिंकली तर दुसऱ्या कोणाशी खेळायला जाते. म्हणून मला एक उरायला हवा. दुधाची तहान ताकावर, पण ते ताकही माझ्या हातचं जाऊ नये एवढंच.

तिला यातलं काही कळता कामा नये. तुझ्यावर विश्वास ठेवून लिहिलंय.

मावशी

—

२८ एप्रिल

मावशी,

पाच आठवडे मी उत्तर दिलं नाही. तीन पत्रं लिहून फाडली. आज मात्र लिहिणं भाग आहे, आणि हे तातडीच्या टपालाने पाठवतोय, म्हणजे शनिवारपर्यंत तुझ्या हातात पडेल.

आधी माझी लबाडी. भिंगरीचं मला काही कळत नाही असं मी लिहिलं होतं, ते खोटं. ती याच शहरात आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा आम्ही चहाला भेटतो. तिने मला शपथ घातली होती, म्हणून मी तुला काही बोललो नाही. तीन वर्षं तुम्हा दोघींच्या मध्ये उभा राहून मी दोघींनाही "छान चाललंय" सांगत आलो.

आज संध्याकाळी भेटलो. बोलता बोलता ती म्हणाली, "तुमच्या खेळात एक प्रवासी ४१०७ म्हणून आहे, त्याचं काहीतरी कर." मी म्हटलं, का, काय करतो? तर म्हणाली, "बरा खेळायचा आधी. आता दीड महिना झाला, माझ्या करकऱ्याला एकवर आणतो आणि सोडून देतो. हातात मोठा वार असताना टिचक्या मारत बसतो. कोणीतरी निवांत म्हातारा असणार, त्याला माझी दया येते. मला कोणाची दया नकोय. खरं खेळायचं नसेल तर खेळू नये माणसाने. या रविवारी परत तेच केलं तर माझ्या यादीतून त्याचं नाव काढून टाकणार आहे."

तिच्या कपाकडे बघत बसलो.

कोष्टक मीच दिलं होतं, तेव्हा दोष माझाही आहे. या रविवारी टिचकी मारू नकोस. पूर्ण फटका मार, करकऱ्या पडला तर पडू दे. ती राहील.

आणखी एक, लहान तोंडी मोठा घास आहे. तू लिहिलंस की तुझा हिशेब चुकला. मावशी, मी रोज हेच काम करतो. सगळं अचूक मोजलं तरी शेवटचा फासा आपल्या हातात नसतो. तू बरोबरच मोजलं होतंस, फासा वाईट पडला. त्यात तुझी चूक नाही. हे तिलाही कोणीतरी सांगायला हवं. मी सांगू का?

तिचा पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय. शपथ मोडली, आता मोडलीच.

ढब्बू

—

४ मे

ढब्बू,

पत्र शनिवारी दुपारी मिळालं. काल पुठ्ठा उलटा करून ठेवला आणि खेळायला बसले. करकऱ्याचा जीव एकोणीसवर आला होता. मी वेलीचा फटका मारला. तो पडला. मी पाडला. मग तिने बाकीच्या प्राण्यांनी माझी पार धूळधाण केली आणि झुंज संपली. निघून जाण्याआधी तिने त्या तयार वाक्यांच्या यादीतलं एक पाठवलं, "छान खेळलात." तीन वर्षांत माझ्याशी ती पहिल्यांदा बोलली, तेही यादीतून निवडून आणि अहो-जाहो करून. मी यंत्र मांडीवर घेऊन रडले. आता लपवण्यासारखं राहिलंय काय.

तेव्हा तुझं खरं झालं, ती राहील. असं मी कितीही रविवार चालवू शकते.

पण तू ते फाशाचं लिहिलंस ना, ते मला गिळवेना. फार प्रेमाने लिहिलंस. तू तिला ते सांगू नकोस. तिथे फासा नव्हता. काय होतं ते मी तिलाच लिहिलंय, आजच टाकते. त्यानंतर ती कदाचित मैदानातही यायची नाही. मला माहीत आहे. तू मध्ये पडू नकोस, पुष्कळ उभा राहिलास मध्ये.

उन्हाळ्यात चार दिवस इकडे ये. पंखा लहान आहे, पण मी आहे.

मावशी

—

४ मे

भिंगरी,

प्रवासी ४१०७ मी आहे. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुला ठरवता येईल.

जानेवारीपासून दर रविवारी तुझ्याशी मी खेळत होते. करकऱ्याला एकवर सोडत होते ते दयेने नव्हे. तू लवकर जाऊ नयेस म्हणून. तुला त्याचा अपमान वाटला हे मला कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस, आणि ज्याच्याकडून कळलं त्याला रागावू नकोस. त्याने तुझी शपथ तीन वर्षं पाळली.

आता खरी गोष्ट. तू दारात म्हणालीस, मी बाबांच्या वेळी चुकले. मी गप्प राहिले. लोकांनाही मी तेच सांगत आले, परवापर्यंत ढब्बूलाही. चूक माणसाच्या हातून होते आणि कधीतरी माफही होते, म्हणून ती पदरात घेतली. भिंगरी, मी चुकले नव्हते. तू फोन केलास त्या सकाळी त्यांच्या औषधाची मात्रा दुप्पट केली होती. मी ती चिठ्ठी स्वतः वाचली होती. माझ्या हिशेबाने दोन दिवस होते, फार तर दोन. तू विचारलंस, किती. मला दोन आकडा माहीत होता आणि मी चार म्हणाले.

का म्हणाले, याचं मी स्वतःला बरंच काही सांगितलंय. तुझं काम अर्धं राहील, तू घाबरून निघशील, वाटेत तुझे हाल होतील. सगळं खरं आहे आणि त्यातलं एकही कारण नाही. तोंडाने दोन म्हटलं असतं तर मलाच ते ऐकू आलं असतं. चार म्हटल्यावर मला स्वतःलाच दोन दिवस जास्त मिळाल्यासारखे वाटले. ते तुझे दिवस होते. ते मी घेतले.

तुला समोर बसवून मी आणखी किती रविवार घालवू शकले असते. पण तू म्हणालीस, खरं खेळायचं नसेल तर खेळू नये. ते मला पटलं.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि मला ते तुझ्याकडून काढून घ्यायचं नाहीये.

आई

—

१३ मे

आई,

पत्र शुक्रवारी मिळालं. तेव्हापासून मी कामावर गेलेले नाही.

बस सात तासांची होती. सकाळची सहाची मिळाली नसती तरी नऊची मिळाली असती. तू दोन म्हणाली असतीस तर मी त्या दिवशी संध्याकाळी बाबांजवळ असते. मी त्या दिवशी काय करत होते सांगू? ऑफिसात बसून फायली लावत होते, कारण आईने सांगितलं होतं, काम संपवून सावकाश ये. त्या फायली पुढे कोणी उघडल्यासुद्धा नाहीत.

आणखी एक ऐक. तीन वर्षं मला वाटत होतं की तू नुसती चुकलीस. बाबा जात असताना जिचा एक आकडा चुकला, तिला मी दारात उभं राहून तसं बोलले. त्याची मला इतकी लाज वाटायची, की तुझं नाव फोनवर आलं की हात पुढे जायचा नाही. तुझा राग होता म्हणून नाही उचलला मी फोन. माझी लाज वाटायची म्हणून. आता ती वाटायचं कारण राहिलं नाही. आता मला फक्त राग आलाय, आणि तो पुष्कळ आहे.

प्रवाशाचं नाव मी यादीतून काढून टाकलं. तिथे येऊ नकोस, मी तिथे तुझ्याशी खेळणार नाही.

फोन कर. नंबर बदललेला नाही. मी आधी ओरडेन, तेव्हा मध्ये काही बोलू नकोस. माझं ओरडून झालं की बाबा त्या दोन दिवसांत काय काय बोलले ते मला सांग. माझ्याबद्दल काही बोलले नसतील तर तसंही सांग. सगळं सांगून होईपर्यंत फोन ठेवू नकोस.

भिंगरी